1613 ची डिपस्टिक वर उडते, ब्रीदर धूर मारतो. इंजिन उघडायचं की आधी काही तपासायचं?

चिरेगाडी

नमस्कार मंडळी. गाडी टाटा 1613, मॉडेल 2006, कमिन्सचं 6बीटी टर्बो इंजिन, पंप जुना मेकॅनिकल. लांज्याहून चिरा भरतो आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे खाली करतो. येताना मिळेल ते भाडं.

गेल्या दिवाळीपासून ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या पाईपमधून, वाफेसारखा धूर येतोय. आधी थोडा होता, आता सिग्नलला उभं राहिलं की बाजूचा माणूस वाकून बघतो. घाट चढून वर आलं की डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) दोन बोटं वर सरकलेली असते आणि तिथून ब्लॉकवर तेल ओघळलेलं असतं. मागचं क्रँक ऑइल सील बदललं, तरी परत गळायला लागलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही ओलं असतं.

ज्या गॅरेजला दाखवली त्यांनी ऑइलचं झाकण उघडून हात धरला आणि सांगितलं, बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे जळलेला वायू पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतोय, लायनर-पिस्टन किट टाका. खर्च ऐकून पोटात गोळा आला. पण मला एक कळत नाही. गाडी सकाळी अर्ध्या सेल्फला उठते, घाटात पिकअप पूर्वीसारखाच आहे, सायलेन्सरला निळा धूर नाही. रिंगा गेल्या असतील तर हे असं कसं? सीझन ऐन भरात आहे, आत्ता गाडी उभी करणं परवडणार नाही. जाणकारांनी सांगा.

वेंगुर्ला_बंदर

माका वाटता आदी ब्रीदरचो पायप बगा. आमच्या गाडीक असाच झाला होता. गाडी पावसात उभी होती, कुंभारणीन पायपाच्या तोंडात मातीचा घर केल्यान. आत हवा कोंडता मग सील फोडून तेल भायर येता. इंजिनाक काय एक झाला नव्हता. पायप काडलंव, साफ केलंव, काम झाला.

डिझेलमिस्त्री_चिपळूण

वेंगुर्लेकरांनी सांगितलं ते सगळ्यात आधी करा. आपल्याकडे पावसाळ्यात खाणी बंद असतात, गाड्या चार महिने उभ्या राहतात आणि कुंभारीण माशीला असा पाईप फार आवडतो. घर अर्धवट फुटून पाईपच्या वळणात अडकलं तर धूर थोडा येत राहतो, त्यामुळे पाईप मोकळा आहे असं वाटतं. पाईप पूर्ण काढून आरपार उजेड दिसतो का बघा. कुठे चेपला आहे का तेही बघा. डिपस्टिकवर तेलाची पातळी वरच्या खुणेच्या पुढे नाही ना? जास्त तेल भरलं तर क्रँक ते घुसळतो आणि ब्रीदरमधून तेल बाहेर पडतं. तेलाला डिझेलचा वास येतो का, झाकणाखाली दुधाळ थर आहे का, हे दोन मिनिटांत बघून होतं.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक इंजिनात, अगदी नव्याकोऱ्या इंजिनातही, जळलेला वायू थोडाफार रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि तेल असतं त्या भागात, येतोच. रिंगच्या दोन टोकांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर तापल्यावर ती बोअरमध्ये आवळेल. तो वायू बाहेर जावा म्हणून ब्रीदर असतो. तेव्हा ‘धूर येतो का’ हा प्रश्नच नाही. किती येतो आणि कुठून येतो, हे दोन प्रश्न आहेत. झाकणावर हात धरून त्यातलं एकाचंही उत्तर मिळत नाही.

कुठून येतो, याची ठिकाणं रिंगांशिवाय बरीच आहेत. तुमच्या गाडीला एअर ब्रेक आहेत, म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर इंजिनावर बसलेला आहे. त्यालाही पिस्टन आणि रिंगा आहेत, आणि त्याचं तेल परत इंजिनातच पडतं. त्याच्या रिंगा गेल्या की टाकीत जायची हवा गिअर केसमधून थेट चेंबरमध्ये येते. टर्बोचं तेलही चेंबरलाच परत येतं. त्याची सील झिजली की बूस्टची, म्हणजे टर्बोने दाबलेली, हवा आणि सायलेन्सरकडचा वायू त्याच ड्रेन पाईपने खाली उतरतो. व्हॉल्व्ह गाइड फार ढिले झाले तर टॅपेट कव्हरखाली वायू येतो. हे सगळं एकाच ब्रीदरमधून बाहेर पडतं आणि बाहेरून अगदी सारखं दिसतं.

तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे झटकन चालू होणं, पिकअप शाबूत असणं, निळा धूर नसणं, ही मला इंजिनाच्या रिंगांकडे बोट दाखवणारी वाटत नाहीत. एक सांगा, सकाळी हवेच्या टाकीचा कॉक सोडता तेव्हा काय बाहेर पडतं?

चिरेगाडी

पाणी पडतं, आणि पाण्याबरोबर काळं तेल. हल्ली जास्तच. कॉक सोडला की खाली चिऱ्यावर तवंग उरतो. समुद्राजवळची हवा दमट, म्हणून पाणी येणारच असं समजत होतो. तेलाचं मनावर घेतलं नव्हतं.

पाईप काढून बघितला. मातीचं घर नव्हतं, पण आत काळा चिकट थर भरपूर होता. डिझेलने धुतला. फरक थोडा पडला, डिपस्टिक अजून सरकते.

लेथवाला

गॅरेजने ‘लायनर-पिस्टन किट’ म्हटलं ते वाचून लिहितोय. 6बीटीला कंपनीतून लायनर, म्हणजे बोअरमध्ये बसवलेली वेगळी नळी, नसतोच. बोअर थेट ब्लॉकमध्येच असतो, 102 मिलीमीटरचा, स्ट्रोक 120. झिजला तर ब्लॉक बोअरिंगला न्यायचा, होनिंग करायचं आणि 0.5 किंवा 1 मिलीमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे. बोअर त्याच्याही पुढे गेला असेल तर स्लीव्ह ठोकायची. म्हणजे पूर्ण इंजिन उतरवून ब्लॉक लेथवर येणार. तुमच्या गाडीत आधी कोणी स्लीव्ह टाकली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते न विचारता, न मोजता लायनर-पिस्टनचा भाव सांगणाऱ्याने इंजिनाचा नंबरही नीट बघितला नसावा. घाई करू नका.

साखरपा_नाका

माझं आयुष्य याच घाटात स्टिअरिंगवर गेलं, म्हणून चार शब्द. मिस्त्री म्हणतात ते चूक नाही, पण ड्रायव्हरची बाजूही बघा. डिपस्टिक उडते, सील गळतं, आणि गाडी भरून आंबा घाटात चढवायची. तेल कमी झालं आणि घाटात बेअरिंग धरलं तर क्रँक जातो, मग दहा पट खर्च. जुनं इंजिन आहे, कधीतरी उघडावं लागणारच. जूनमध्ये खाणी बंद झाल्या की सरळ उघडा, सगळं नवीन करा, चार वर्षं बघायला नको. मधल्या काळात भार कमी भरा आणि दर फेरीला तेल बघा.

डिझेलमिस्त्री_चिपळूण

नाकेवाले काका, तेल बघण्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. भार कमी भरण्याचंही. पण जूनमध्ये सरळ उघडायचं याला माझी ठाम हरकत आहे. दोष कॉम्प्रेसरचा निघाला तर नवीन इंजिन बसवूनही ब्रीदर तसाच मारणार, कारण जुना कॉम्प्रेसर तुम्ही त्याच नव्या इंजिनावर परत लावणार. चिपळुणात मी अशा गाड्या बघितल्यात. मालकाचे पैसे गेलेले, आणि डिपस्टिक तशीच वर.

तेव्हा आधी मोजा. महागडं काही लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला वापरतो ती पारदर्शक नळी घ्या. एका फळीवर इंग्रजी यू आकारात खिळ्यांनी बसवा, दोन्ही दांडे निदान अर्धा मीटर उंच ठेवा आणि अर्ध्यापर्यंत पाणी भरा. पाण्यात थोडं कुंकू टाका म्हणजे दिसतं. नळीचं एक टोक डिपस्टिक काढून त्या भोकात घट्ट बसवा, दुसरं मोकळं. इंजिनाकडे जाणारी नळी आधी उंच नेऊन मग खाली आणा, पाणी चुकून चेंबरमध्ये उतरता कामा नये. वाचताना एका दांड्यात पाणी किती चढलं ते नाही बघायचं, दोन्ही दांड्यांतल्या पातळ्यांमधला फरक बघायचा. इथे पुष्कळ जण निम्मा आकडा घेतात.

ब्रीदर अगदी उघडा असला तर आकडा फार लहान येतो. म्हणून ब्रीदरच्या तोंडावर एक पत्र्याचं झाकण करा आणि त्याला 6 मिलीमीटरच्या ड्रिलने एक भोक पाडा. वायूला तेवढ्याच भोकातून जावं लागतं आणि पाणी चांगलं चढतं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जी मर्यादा असते ती त्यांच्या ठरावीक भोकाच्या टूलवरची असते. तुमच्या घरच्या भोकाचे आकडे तिच्याशी ताडू नका. तुमचा आकडा तुमच्याच दुसऱ्या आकड्याशी ताडायचा, आणि त्यासाठी भोक, आरपीएम आणि इंजिनाचं तापमान दर वेळी तेच हवं. झाकण मिनिट-दोन मिनिटंच ठेवा, नाहीतर उरलीसुरली सीलं फुटतील.

आणखी एक ध्यानात ठेवा. वायू दुप्पट झाला की पाण्याची उंची साधारण चौपट होते. म्हणून उंची निम्मी झाली म्हणजे वायू निम्मा झाला, असा हिशेब करू नका.

आता कॉम्प्रेसर. गाडी सपाटीला, चारही बाजूंनी चाकांना चिरे लावा, गिअर न्यूट्रल. इंजिन नीट गरम करा. टाकीचा कॉक सोडून हवा उतरवा, मग बंद करून इंजिन ठरावीक आरपीएमला धरा. हवेचं मीटर 6 बारच्या पुढे चढत असताना नळी वाचा. मीटर 7-8 च्या आसपास गेलं की अनलोडर (टाकी भरली की कॉम्प्रेसरचा भार काढणारा व्हॉल्व्ह) ‘फुस्स’ करून सुटेल. त्या क्षणी कॉम्प्रेसर फिरत राहतो पण दाबाविरुद्ध हवा ढकलत नाही. आरपीएम तोच ठेवून पुन्हा वाचा. इंजिनात काहीच बदललं नाही, बदलला फक्त कॉम्प्रेसरचा भार. पाणी खाली आलं तर तेवढा वायू कॉम्प्रेसरचा.

पंख्यापासून नळी आणि कपडे लांब ठेवा.

चिरेगाडी

आज रविवार, गाडी दारात होती. भावोजी गवंडी आहेत, नळी त्यांचीच. झाकण पत्र्याचं केलं, भोक 6 चं पाडलं. लांज्यापर्यंत एक फेरी मारून इंजिन गरम केलं.

हवा भरत असताना 34 सेंटीमीटर फरक. पाणी नुसतं चढलं नव्हतं, दांड्यात टकटक नाचत होतं. अनलोडर सुटला आणि डोळ्यांदेखत पाणी उतरलं, 19 वर येऊन थांबलं. नाचणंही कमी झालं. विश्वास बसेना म्हणून ब्रेक दाबून हवा उतरवली आणि परत बघितलं, तसंच झालं. मुलगा फळीजवळ उभा होता, तो नुसतं पाणी बघून सांगायला लागला, बाबा आता सुटला, आता भरतोय.

मग उरलेले 19 कुणाचे? टर्बो की रिंगा?

वेंगुर्ला_बंदर

वा! कॉम्प्रेसरच तो. टाकीतला तेल आदीच सांगत होता.

डिझेलमिस्त्री_चिपळूण

सुंदर मोजलंत. कॉम्प्रेसर नक्की. त्याचं हेड उघडा, बोअर बघा, किट टाका किंवा बदला. टाकीपर्यंतचा डिलिव्हरी पाईपही काढून आतून बघा. तेल जळून तिथे कोळसा साचतो, पाईप आतून अरुंद होतो आणि नव्या कॉम्प्रेसरलाही जास्त दाबाने ढकलावं लागतं. कॉम्प्रेसर उघडलेला असताना गाडी जागची हलवायची नाही, हे सांगायला नको.

उरलेल्याबद्दल दोन तपासण्या. पहिली टर्बोची. टर्बोखालचा तेलाचा ड्रेन पाईप ब्लॉकपासून सोडवा, ब्लॉकचं भोक बंद करा आणि पाईप स्वच्छ डब्यात सोडा. वरून तेल येणारा पाईप अजिबात काढू नका. नुसत्या आयडलवर थोडाच वेळ चालवा, डब्यात तेल भराभर येतं. तेलाबरोबर फुसफुस करत हवा येत असेल आणि नळीतलं पाणी उतरलं असेल तर टर्बो दोषी. पण उभ्या गाडीत बूस्ट नसल्यात जमा असतो, म्हणून इथे काही दिसलं नाही तरी टर्बो लगेच निर्दोष धरू नका. त्याची खरी परीक्षा घाटात. डिपस्टिकच्या भोकातून लांब नळी केबिनमध्ये घ्या, फळी उभी बांधा, ब्रीदरवरचं झाकण मात्र काढून टाका. आकडा क्लीनरने वाचायचा, ड्रायव्हरने रस्ता बघायचा.

दुसरी सिलिंडरांची. आयडलवर एकेका नोझलच्या हाय प्रेशर पाईपचा नट सैल करून तो सिलिंडर मारायचा, म्हणजे बंद पाडायचा, आणि नळी बघायची. एखादा मारल्यावर पाणी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त उतरलं तर त्याच्या रिंगेत किंवा पिस्टनमध्ये दोष. सगळे सारखे उतरले तर झीज सगळीकडे सारखी. नटाभोवती फडकं धरा, उडणाऱ्या डिझेलच्या धारेत हात घालू नका. आणि हे फक्त तुमच्यासारख्या जुन्या मेकॅनिकल पंपावर. हा धागा वाचून कोणी कॉमन रेल गाडीवर करायला जाऊ नये, तिथे दाब हजार बारच्या वर असतो, धार कातडीतून आत शिरते.

कॉम्प्रेशन टेस्ट करणार असाल तर एक सूचना. पेट्रोल इंजिनासारखं सिलिंडरात तेल ओतून ‘ओली टेस्ट’ करू नका. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी असते की तेलानेच कॉम्प्रेशन वाढल्यासारखं दिसतं, जास्त झालं तर रॉड वाकतो.

लेथवाला

मिस्त्रींनी सगळं सांगितलं, एक राहिलं. चिऱ्याच्या गाड्यांची इंजिनं माझ्याकडे बोअरिंगला येतात तेव्हा बहुतेकांचा बोअर वरच्या रिंगेच्या जागी सगळ्यात जास्त खाल्लेला असतो. ती धूळ हवेतून आलेली असते. खाणीतली लाल माती, जांभ्याची भुकटी. फिल्टर महागातला असतो, पण फिल्टर आणि टर्बो यांच्या मधला रबरी होज चिरलेला असतो, किंवा क्लिपा खाऱ्या हवेने गंजून ढिल्या झालेल्या. फिल्टरनंतर शिरलेल्या धुळीला पुढे अडवणारं कोणी नाही. टर्बोकडचा होज काढा, आतून पांढरं फडकं फिरवा. फडकं लाल आलं तर कारण सापडलं. टर्बोच्या हवेकडच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा बॅटरीने बघा, धुळीने त्या पातळ, खाल्लेल्या दिसतात.

आणि पेट्रोल पंपावरच्या हवेने फिल्टर झाडायची सवय सोडा. जवळून मारलेल्या हवेने कागद फाटतो. आत बल्ब धरून बघा, उजेडाचे ठिपके दिसले की फिल्टर फेकायचा.

चिरेगाडी

उशीर झाला लिहायला. कॉम्प्रेसर उघडला. बोअरला उभे ओरखडे, एक रिंग खाचेत चिकटून बसलेली. डिलिव्हरी पाईपमध्ये कोळसा इतका की करंगळी जाईना. बोअर करून किट टाकलं, पाईप नवा घातला. आता हवा भरताना 20, अनलोड झाल्यावर 18.

सिलिंडर एकेक मारून बघितले, सगळे जवळपास सारखेच उतरतात. टर्बोच्या डब्यात नुसतं तेल आलं, हवा नाही. काल भार भरून आंबा घाट चढलो, क्लीनरने फळी धरली होती. चढाच्या सगळ्यात कठीण टप्प्यात उघड्या ब्रीदरवर फरक जेमतेम 3 सेंटीमीटर. वर येऊन बॉनेट उघडलं, डिपस्टिक जागच्या जागी, ब्लॉक कोरडा.

लेथवाल्या दादांनी सांगितलं तसं होजमध्ये फडकं फिरवलं. लाल आलं. खालच्या बाजूला, जिथे वरून दिसत नाही, तिथे चीर होती आणि क्लिप गंजून हाताने फिरत होती. होज आणि दोन्ही क्लिपा बदलल्या. पंख्याच्या कडा किंचित खाल्लेल्या दिसल्या.

लेथवाला

म्हणजे झीज सुरू झाली होती, वेळेत धरलीत. आता दर तेलबदलाला तेच झाकण, तोच आरपीएम घेऊन एकदा मोजा आणि आकडा गाडीच्या डायरीत लिहा. 18 चा हळूहळू वाढत गेला तर बोअरिंगचा विचार तेव्हा करू. एकदम उडी मारली तर वाट बघत बसू नका.

साखरपा_नाका

मोजून बघितलंत हे बरं केलंत. घाटात 3 म्हणजे गाडी निर्धास्त चालवा. मागचं सील गळतं का अजून?

चिरेगाडी

नाही काका. फडक्याने पुसून ठेवलं होतं, कोल्हापूरहून परत आलो तरी कोरडं.

मासेगाडी_हर्णै

माझी 407, हर्णैहून मासळी भरतो. ब्रीदर असाच मारतो, पण माझ्या गाडीला हवेचे ब्रेक नाहीत, व्हॅक्यूमचे आहेत. मग मी काय बघू?

डिझेलमिस्त्री_चिपळूण

तुमच्याकडे आल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप आहे. तो बूस्टरमधली हवा ओढतो आणि तेलाबरोबर ती चेंबरमध्येच सोडतो. ब्रेक बूस्टरचा होज किंवा बूस्टरचा पडदा कुठे फाटला असेल तर पंप सारखी बाहेरची हवा ओढत राहतो आणि ती सगळी तुमच्या ब्रीदरमधून निघते. पंपाकडचा व्हॅक्यूम होज थोडा वेळ पूर्ण बंद करा, गाडी उभीच ठेवा, आणि ब्रीदर बघा. धूर कमी झाला तर गळती बूस्टरकडे आहे, आणि मग तो आधी तुमच्या ब्रेकचा प्रश्न आहे. आजच बघा, भरलेली गाडी तशी काढू नका.